पाच नंबरचा पिंजरा

ऐक गं, आधी नुसतं ऐक. मध्ये "मग पोलिसांना का नाही बोलावलं" वगैरे सुरू करू नकोस. कुत्र्याला कुणी खायला घातलं म्हणून पोलीस येत नसतात. पण त्या दिवशी त्या घरात सगळे एकमेकांकडे ज्या नजरेने बघत होते ना, त्यापेक्षा घरात चोर शिरलेला परवडला.

भुंगा माहितीये ना तुला? आत्याकडे राहते ती. एकदा प्रश्न विचारायला लागली की डोक्याभोवती घोंघावत राहते, म्हणून भुंगा. खाली आत्याचा जनावरांचा दवाखाना, वर घर. भुंगाचे आईवडील कामासाठी कायम लांब, त्यामुळे लहानाची मोठी ती तिथेच झाली. सकाळी खाली आत्याला मदत करते.

तर त्या सकाळी टेबलावर ढब्बू होता. घड्याळआजोबांचा कुत्रा. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात ना, ते. एकटेच राहतात, म्हणजे ते आणि ढब्बू. ढब्बूच्या पोटावरची गाठ काढायची होती. साधं काम. भुंगाने डोकं धरलं होतं, आत्याने भूल दिली, ढब्बूचे डोळे मिटले. आणि एकदम त्याच्या घशातून गुरगुर आवाज आला, अंग ताठ झालं आणि तोंडातून भसाभस पांढरा लगदा बाहेर.

"मान खाली कर! खाली!" आत्या ओरडली.

जीभ निळी पडायला लागली होती. आत्याने बोटांनी घसा साफ केला, नळी घातली, आत अडकलेलं ओढून काढलं. भुंगाला वाटलं, संपलं. मग छाती एकदा हलली. पुन्हा हलली. ढब्बू श्वास घेत होता, पण डोळे काही उघडेना.

आत्याने हातातल्या लगद्याकडे बघितलं. दूध-ब्रेड. चांगला पोटभर.

"भूल द्यायच्या जनावराच्या पोटात," ती अगदी हळू म्हणाली, आणि आत्या हळू बोलली की समजायचं आज कुणाचं तरी काही खरं नाही, "हे आलं कुठून?"

पाटी

आता तुला पाटीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय.

मागच्या खोलीत पिंजरे, आणि भिंतीवर एक टॅब्लेट टांगलेला. त्याला सगळे पाटीच म्हणतात. एक नंबरला गोळी, दोन नंबरला फक्त पाणी, असं त्यावर दिसतं. आत्या तिच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लिहिते आणि ते पाटीवर येतं. मधे सामानाच्या कपाटात साबणाच्या डबीएवढं एक मशीन आहे, त्यात छोटासा वेब सर्व्हर. अगदी हलका, जुन्यापान्या मशीनवरही पळेल असा. सर्व्हर म्हणजे काय, तर वाढपी समज. पाटीने पान मागितलं की पुढ्यात पान वाढणार.

हे सगळं दादाने केलेलं. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, भुंगाचा आतेभाऊ. त्याला याचा केवढा अभिमान! "लाईट जाऊ दे, कुणी प्लग काढू दे, मशीन सुरू झालं की सर्व्हर आपोआप उठतो. कुणी हातसुद्धा लावायला नको." ज्या दिवशी बसवलं, त्या दिवशी भुंगाला शेजारी बसवून त्याने सगळं शिकवलंही होतं. आणि दुसऱ्या दिवशी एका मोठ्या प्राण्यांच्या हॉस्पिटलची माणसं ती पाटी बघायला येणार होती. आवडली तर त्यांच्या सगळ्या शाखांत दादाची पाटी, आणि दादा तिथे नोकरीला. घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

तर आत्या तरातरा मागे गेली. पाटीवर स्वच्छ लिहिलेलं होतं: तीन नंबर, उपाशी. आणि ढब्बू तीन नंबरमध्येच होता.

"मावशी!"

मावशी म्हणजे पिंजरे धुणाऱ्या, खाणं घालणाऱ्या. त्या येऊन फार दिवस झाले नव्हते. पाटी त्यांच्या आधीपासूनची. त्या हात पुसत आल्या.

"तीन नंबरला खायला तुम्ही घातलंत?"

"घातलं की. पाटीवर होतं, पोटभर खायला द्या म्हणून."

"ही पाटी. वाचा."

मावशींनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू पायाखालची फरशी कुणी ओढून घेतलीय. "सकाळी असं नव्हतं हो, बाई. शप्पथ."

"आणि भिंतीवरची पाटी मनाने बदलली?"

बाहेर घड्याळआजोबा उभे होते. दाराच्या फटीतून त्यांना ढब्बूच्या तोंडातली नळी दिसत होती. ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर, तो वाचो न वाचो, हे कुणी केलं ते मला आज कळलं पाहिजे."

आत्याने मावशींकडे बघितलं नाही. "उद्यापासून येऊ नका," म्हणाली, आणि आत गेली.

मावशी

भुंगाच्या डोक्यात भुणभुण सुरू झाली. कारण रात्री वर जाताना तिने स्वतः पाटी बघितली होती. तीन नंबर, उपाशी. सकाळी आत्यानेही ढब्बूला आत नेताना बघितली. तीन नंबर, उपाशी. मग मधेच मावशींना वेगळं कसं दिसेल? दिसलंच नसणार. मावशी खोटं बोलतायत, सरळ आहे.

आणि शंका घ्यायला जागाही होती गं. मावशींचा जीव म्हणजे लोणी. मागे एका मांजरीला उपाशी ठेवलं, तर या तिच्यापाशी बसून रडल्या होत्या. आदल्याच दिवशी आजोबांना म्हणाल्या होत्या, "मुक्या जिवाला उपाशी मारता, पाप लागेल."

मावशी मागच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, खरं सांगा. दया आली ना ढब्बूची?"

"आली," मावशी म्हणाल्या. "पण दया आली म्हणून मी जीव घेईन का गं त्याचा? मला काय एवढंही कळत नाही? पाटीवर होतं म्हणून घातलं. मला तर बरंच वाटलं, म्हटलं, आपरेशन पुढे ढकललं असेल."

"बाकी काय होतं पाटीवर?"

"काय की. हां, एक वेडेपणा होता. पाच नंबर, दोन्ही कानांत थेंब घाला. आता पाच नंबर तर रिकामा! म्हटलं, कुणाच्या कानात घालू, माझ्या?" त्या हसायला गेल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "हे कुणाला बोललेसुद्धा नाही. बाई एवढ्या तापलेल्या, कोण ऐकणार? हे काम गेलं तर मुलीला काय तोंड दाखवू? तिला सांगून आलेय, आता कुणाच्या दारात उभी राहणार नाही म्हणून."

भुंगा नकळत अंगठा चोळत होती. उजव्या अंगठ्यावर तिला एक जुना वण आहे, दोन बारीक दातांचा. आत्ताच का चोळतेय हे तिचं तिलाही कळेना.

आतोबा

मग आतोबा. आत्याचे यजमान. त्यांना दवाखाना मुळीच आवडत नाही. "माझ्या घरात माझ्यापेक्षा कुत्र्यांना जास्त मान," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि त्या सकाळी कामाला येताना मावशींनी आतोबांना मागच्या खोलीतून घाईघाईने बाहेर पडताना पाहिलं होतं.

"आतोबा, सकाळी कुठे होतात?"

"फिरायला."

"फिरायला जाताना मागच्या खोलीतून जायचं असतं?"

"तू माझी सासू आहेस का?"

भुंगा आतोबांच्या शर्टाकडे बघत राहिली. असा कडक, की बाहीवरच्या घडीने ब्रेड कापता आला असता. आणि वर घरातली इस्त्री तर परवाच जळलेली!

"इस्त्री कुठे केलीत?"

आतोबांनी आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं. "हिला सांगू नकोस. दवाखान्याच्या इस्त्रीवर केली. ती निर्जंतुक कापडांची इस्त्री आहे म्हणून ही मला हात लावू देत नाही. माझा शर्ट काय जंतू आहे?"

"कुठे केली पण?"

"सामानाच्या कपाटापाशी. तिथे प्लगला एकच जागा. त्या साबणाच्या डबीचा प्लग काढला, शर्ट फिरवला, परत लावला. डबीवरचा हिरवा दिवा लागलेला बघून मगच निघालो. मी काय वेडाय?"

डबीचा प्लग! भुंगा कपाटाकडे निघाली आणि थांबली. कारण त्याने काय बिघडतंय? सर्व्हर तर आपोआप उठतो. दादाने शंभर वेळा सांगितलंय. आणि पाटी तर चालू होतीच की. बंद नव्हती, चुकीची होती. नुसता प्लग काढल्याने उपाशीचं पोटभर होतं का कधी?

झालं. आतोबाही सुटले. आता उरला कोण?

दादा

दादा वर त्याच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसला होता. उद्याची तयारी. खाली एवढं रामायण झालं, पण गडी खोलीतून हलला नव्हता. आरडाओरडा ऐकून जिन्यावरून "काय झालं?" असं विचारलं, आत्या खालूनच ओरडली, "मावशींनी कुत्र्याला खायला घातलं," आणि हा परत आत.

"दादा, पाटी चुकू शकते?"

"भुंगे, पाटी चुकत नाही. माणसं चुकतात." पडद्यावरून नजरही हलली नाही. "आणि मावशींचं काय घेऊन बसलीस? म्हणे पाच नंबरच्या कानात थेंब घाला! रिकाम्या पिंजऱ्याच्या? थाप मारायची तर निदान बरी मारावी माणसाने."

भुंगाही हसली. म्हणाली, "हो ना," आणि जिना उतरायला लागली.

अर्ध्या जिन्यात तिचा पाय थांबला.

तू पकडलंस का? तिने पकडलं.  मग धावत खाली.

"मावशी! दादाशी बोललात तुम्ही? पाच नंबरचं?"

"दादाशी? तो खाली आलाच कुठे? तुलाच काय ते सांगितलं."

ससा

भुंगा पाच नंबरच्या रिकाम्या पिंजऱ्यापुढे उभी राहिली. अंगठा अजून चोळतच होती. आणि मग आठवलं.

ससा! त्या पिंजऱ्यात ससा होता. त्याच्या दोन्ही कानांत थेंब घालायचे असायचे, आणि थेंब घालताना तो कचकन चावला होता तिला. पण कधी? दादाने सर्व्हर बसवला त्या दिवशी! चाचणीसाठी म्हणून त्या दिवसाच्याच जनावरांचं पान दादाने तिच्याकडून टाईप करून घेतलं होतं, अंगठ्याला पट्टी बांधलेली असताना. ससा केव्हाच घरी गेला. आणि मावशी तर तेव्हा इथे कामालाच नव्हत्या.

मावशींनी तो ससा कधी पाहिलेलाच नाही. मग त्याच्या कानातले थेंब त्या मनाने कशा रचणार? त्यांनी ते वाचलंच होतं. आज सकाळी. पाटीवर.

आता बघ हं, सोपं आहे. दादाने चाचणीचं पान एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि मशीनला सांगून टाकलं, सुरू झालास की या फोल्डरमधलं पान वाढ. पुढे खरी पाटी केली दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि सर्व्हर तिथून सुरू केला. पण हाताने! सुरू होतानाची सूचना तशीच जुनी. वाढप्याला आज नव्या पातेल्यापाशी नेऊन उभं केलं, पण तो उद्या उठला की सवयीने जुन्याच पातेल्यापाशी जाणार, आणि शिळं वाढणार. दवाखान्याला इन्व्हर्टर, मशीन महिनोन्महिने बंदच पडलं नाही, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. आतोबांच्या शर्टाने ते बंद झालं, सुरू झालं, आणि सर्व्हर उठला. आपोआप. दादाच्या शब्दाप्रमाणे.

पण मग आत्याला पाटी बरोबर कशी दिसली?

भुंगा परत वर गेली. या वेळी तिने दार लावून घेतलं.

"तू सकाळी लॅपटॉपवर पाटी उघडलीस," ती म्हणाली. "उद्याची तयारी म्हणून. सशाचं पान दिसलं. तू इथे बसल्या बसल्या सर्व्हर थांबवला आणि नव्या फोल्डरमधून सुरू केलास."

दादाची बोटं कीबोर्डवरच थांबली.

"आत्याने ढब्बूला आत नेताना पाटी बघितली, तेव्हा ती ठीक झाली होती. म्हणजे तू त्याच्या आधीच ठीक केलीस. दादा, ढब्बू तेव्हा पिंजऱ्यात होता. भूल दिलेली नव्हती. खाली एक हाक मारायची होती फक्त."

"मला वाटलं, मावशींनी अजून वाचलंच नसेल."

"मग खाली येऊन विचारायचं!"

"विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं." तो एवढ्या हळू बोलला, अगदी आत्यासारखा. "उद्या ती माणसं येतायत, भुंगे. पाटी चुकते हे आज कसं सांगू?"

मग त्याने तिचा हात धरला. याच हाताने धरून त्याने तिला सायकल शिकवली होती, शाळेत पोचवलं होतं, ताप आला तेव्हा उशाशी जागला होता. "पाटी चुकली एवढं सांग. मावशी सुटतील. चूक माझी, मी कबूल करतो. पण मला आधी दिसलं होतं, हे नको सांगूस. आई माझं तोंड बघणार नाही."

प्लग

दिवेलागणीला सगळे मागच्या खोलीत होते. आत्या, आतोबा, पिशवी घेऊन दारात मावशी, ढब्बूपाशी स्टुलावर घड्याळआजोबा. दादा भिंतीला टेकून.

"आतोबा," भुंगा म्हणाली, "सकाळी केलंत ते परत करा."

"काय करू?"

"डबीचा प्लग काढा आणि लावा."

"तुम्ही माझ्या इस्त्रीला हात लावलात?" आत्या.

"ही भुंगा आहे की फितूर आहे?" म्हणत आतोबांनी प्लग काढला. परत लावला.

पाटी करडी झाली. सगळे बघत राहिले. कपाटात हिरवा दिवा लागला, आणि पाटीवर एकेक ओळ उमटली. तीन नंबर, पोटभर खायला द्या. पाच नंबर, दोन्ही कानांत थेंब.

"हेच!" मावशींच्या हातातली पिशवी पडली. "हेच हो बाई, हेच!"

भुंगाने अंगठा दाखवला, सशाचं सांगितलं, फोल्डरचं सांगितलं. दादा पुढे आला आणि म्हणाला, "चूक माझी. सुरुवातीची सूचना बदलायची मी विसरलो." आवाज खरंच कापत होता. आत्याचा चेहरा उतरला, मग निवळला. तिने मावशींचे हात धरून माफी मागितली, दादाच्या पाठीवर थाप मारली. "मशीन आहे, होतं असं. कुणी मुद्दाम नाही केलं, हे महत्त्वाचं." खोलीतली सगळी माणसं एकदम श्वास सोडून मोकळी झाली. दादाने भुंगाकडे बघितलं. त्या बघण्यात 'थँक्यू' होतं.

तेवढ्यात घड्याळआजोबा म्हणाले, "डॉक्टर, मी अडाणी माणूस, मला त्या डबीतलं कळत नाही. पण सकाळी याला आत नेताना तुम्ही पाटी वाचलीत, तेव्हा ती बरोबर होती म्हणालात."

"हो."

"चुकलेलं घड्याळ आपणहून बरोबर झालेलं मी जन्मात पाहिलं नाही. कुणाचा तरी हात लागावा लागतो."

आत्याने पाटीकडे बघितलं.

"नेटवर्क असेल," दादा म्हणाला. "कधी कधी होतं आपोआप."

आत्या दादाकडे बघत होती. मग तिने हळूच मान वळवली आणि भुंगाकडे बघितलं. आत्याच्या घरात, आत्याच्या ताटात जेवून वाढलेल्या भुंगाकडे.

"भुंगे," ती म्हणाली, हळू, "आपोआप होतं का गं?"

दादा तिच्याकडे बघत होता. मावशी तर आता सुटल्याच होत्या. कुणाचंच काही जाणार नव्हतं.

"नाही, आत्या," भुंगा म्हणाली.

दोनच शब्द. बाकीचं दादालाच सांगावं लागलं.

आत्या ओरडली नाही. ती मावशींपाशी गेली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, आज तीन नंबरने काय खाल्लं होतं?" पाटी यायच्या आधी, पिंजऱ्यांवर जे कुणी असेल त्याला ती रोज सकाळी हे विचारायची. पाटी आली आणि विचारणं बंद झालं होतं. मावशी म्हणाल्या, "दूध-ब्रेड, बाई." आत्या म्हणाली, "हे मी विचारायला हवं होतं." मग दादाला म्हणाली, "उद्या ती माणसं आली की आधी हे सांगायचं. मग पाटी दाखवायची." आणि त्याच्याकडे न बघता वर निघून गेली.

त्याने सांगितलं. ती माणसं चहाही न घेता गेली.

ढब्बू दुसऱ्या दिवशी उठला, त्याचं काही विचारू नकोस, परवा माझी चप्पल पळवली त्याने. मावशी आहेत. आत्या दादाशी कामापुरतं बोलते. दादा भुंगाशी तेवढंही नाही. फक्त परवा ती खाली आली, तर कपाट उघडं होतं आणि डबीचा प्लग काढून बाहेर ठेवलेला. दादा जिन्यात उभा, पाठ करून. तिने प्लग लावला. पाटीवर आजचंच पान आलं. ती "बरोबर आलं" म्हणेपर्यंत तो वर गेलेला.

आता मला खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. ज्याने हात धरून तुला सायकल शिकवली, तो समोर उभा आहे, आणि ज्यांचं काही बिघडायचं ते सगळे सुटलेत. आणि त्याची आई तुलाच विचारतेय, आपोआप होतं का गं?

तू काय म्हणाली असतीस?